पिंजरा, अंडं आणि वाटीभर उसळ: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचतगटांच्या बैठका, शाळांच्या पालकसभा, आठवडी बाजारातला आमचा टेबल, कुठंही गेलं तरी फिरून तेच प्रश्न येतात. काही आपुलकीनं, काही चिडून. उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान.

तुम्ही नेमकं करता काय?

दोन कामं. अंडी, चिकन आणि दूध यांच्या धंद्यात जनावरांचे जे हाल होतात ते कमी व्हावेत म्हणून पोल्ट्रीवाल्यांशी, गिऱ्हाइकांशी आणि पशुसंवर्धन खात्याशी बोलत राहतो. आणि डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, सोयाबीन यांतलं प्रथिन लोकांच्या ताटात पुन्हा वाढावं म्हणून खटपट करतो.

‘पुन्हा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. १९६१ साली आपल्या देशात माणशी रोज ६९ ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. पुढं आकडा थोडा सावरला, पण जुन्या पातळीला काही गेला नाही. हरितक्रांतीनं गहू-तांदळाची कोठारं भरली, रेशनवर तेच मिळू लागलं आणि डाळ आमटीत पातळ होत गेली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेवर गेली तेव्हा कितीतरी घरांत वरणाचं नुसतं पाणीच उरलं होतं.

म्हणजे सगळ्यांनी शाकाहारी व्हावं, असंच ना?

नाही. हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि यायलाच हवा.

महाराष्ट्रात ‘तुम्ही काय खाता’ हा प्रश्न बहुतेक वेळा साधा नसतो. घर भाड्यानं बघायला गेलात की पहिल्यांदा तोच येतो, आणि त्याच्या आडून जात विचारली जाते. मराठवाड्यात ज्या घरांनी मांसाच्या चान्या वाळवून उन्हाळा काढला, त्या घरांतल्या बाईला आम्ही शहरातून जाऊन ‘मांस सोडा’ म्हणणार? तिच्या आजीनं जे खाल्लं त्याला गावानं ‘घाण’ म्हटलं, आणि आता आम्ही त्याला ‘क्रूर’ म्हणायचं? तिच्या कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात.

त्यामुळं आमचा नियम ठरलेला आहे: ताटाकडं बोट दाखवायचं नाही. पिंजऱ्याकडं दाखवायचं, वाहतुकीकडं दाखवायचं, खाद्याच्या हिशेबाकडं दाखवायचं. आमच्यात माळकरी आहेत, वीगन (दूध-अंडंही न खाणारे) आहेत आणि रविवारी मटण खाणारेही आहेत. बैठकीत भांडणं होतात. व्हावीत.

शाळेच्या आहारातून अंडं काढायला तुमचा पाठिंबा आहे का?

अजिबात नाही. आमच्यातल्या वीगन मंडळींचाही नाही.

राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचे पैसे बंद झाले आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना सांगण्यात आलं. ज्या शाळेतल्या मुलांना अंड्याची सगळ्यात जास्त गरज, त्या गावात वर्गणी कोण देणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, ३६.१ टक्के कमी वजनाची. शंभरातली पस्तीस मुलं. त्यांच्यापुढं कोंबडीच्या कल्याणाचं भाषण करून अंडं मागं ओढणं आम्हाला जमणार नाही. ज्यांनी अंड्याला विरोध केला त्यांतल्या बऱ्याच जणांना कोंबडीचं काहीही पडलेलं नव्हतं. विटाळाची भीती होती, आणि ती अहिंसेच्या नावानं पुढं आली. आमच्या कामाचं नाव घेऊन कुणी असं बोललं, तर ते आमचं म्हणणं नाही.

आमचं म्हणणं असं: अंडं राहू द्या, सोबत मोडाची उसळ खरंच वाटीभर द्या (कागदावर ती असतेच), आणि सरकार एवढी अंडी विकत घेणार असेल तर ती कुठल्या पिंजऱ्यातली, हा प्रश्न सरकारला विचारा. मुलांना नको.

पिंजऱ्यात वाईट ते काय? कोंबडी सुरक्षितच असते की.

एक ए-फोर कागद घ्या. त्याचा चौथा भाग दुमडा. उरला तेवढा कागद जमिनीवर ठेवा. साधारण ४६८ चौरस सेंटिमीटर होतात. आपल्याकडच्या नेहमीच्या बॅटरी पिंजऱ्यात (तारेच्या खणांच्या रांगांत) एका कोंबडीच्या वाट्याला ४५० च्या आसपास येतात. म्हणजे तो दुमडलेला कागदही थोडा मोठाच. शाळेत हा प्रयोग केला की मुलं लगेच त्यावर पाय ठेवून बघतात. सहावीतल्या मुलाचे दोन्ही पाय जेमतेम मावतात, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘बसायचं कसं?’

मी पहिल्यांदा लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांच्या पोल्ट्रीवर, गेले ती सकाळ आठवते. शेडच्या दारातच अमोनियानं डोळे चुरचुरले. मालकांनी मला स्वतःचा रुमाल दिला. तीन मजली पिंजरे, तळ उताराचा, म्हणजे अंडं घातलं की ते आपोआप पुढच्या पन्हळीत घरंगळतं. एका खणात तीन-चार कोंबड्या. एकीला पंख झाडायचा असला तर बाकीच्यांना दबून बसावं लागतं. माती नाही, त्यामुळं उकरणं नाही, धुळीत लोळणं नाही, अंड्यासाठी आडोसा शोधणं नाही. चोचीचं टोक पिल्लू असतानाच कापलेलं. मालकांनी एक म्हातारी कोंबडी काढून ओट्यावर ठेवली. ती चाललीच नाही. बोटं तारेला धरल्यासारखी वळलेली, तशीच बसून राहिली. ते म्हणाले, “ताई, मलाही बघवत नाही. पण तुम्ही अंड्याला नऊ रुपये देणारं गिऱ्हाईक आणा, उद्या सोडतो सगळ्या मोकळ्या.”

तो माणूस वाईट नव्हता. खाद्याचा खर्च धंद्याच्या दोन-तृतीयांशाच्या घरात जातो, अंड्याचा भाव दुसरंच कुणी ठरवतं आणि श्रावण लागला की तोही पडतो.

याला कायदा काही म्हणत नाही का?

म्हणतो. ऐकू मात्र येत नाही.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ सांगतं की जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आकडा छापताना चुकलेला नाही. १९६० सालचा तो दंड आजही तोच आहे. पन्नास रुपयांत आता डझनभर अंडीही येत नाहीत. हा कायदा ज्यांच्या आग्रहातून आला त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींबद्दलच्या नागराज खटल्यात जनावरांच्या पाच मुक्तता मान्य केल्या: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वागण्याचं स्वातंत्र्य. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगानं आपला २६९ वा अहवाल अख्खा अंड्यावरच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर लिहिला. २०१९ च्या केंद्राच्या मसुद्यात कोंबडीमागं किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली गेली. तीही ए-फोर कागदापेक्षा कमीच. युरोपीय संघानं साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासून बंद केले, पण त्यासाठी शेतकऱ्यांना १९९९ पासून बारा-तेरा वर्षांची मुदत दिली होती. आम्ही मागतो ते याच धर्तीवर: तारीख द्या, कर्ज द्या, मग बंदी घाला.

अंड्याच्या धंद्यात नर पिल्लांचं काय होतं?

अंड्यासाठी पैदास केलेल्या जातीचा कोंबडा अंडं देत नाही आणि मांसही पटकन धरत नाही. त्यामुळं हॅचरीत (जिथं अंडी उबवून पिल्लं काढतात तिथं) पहिल्याच दिवशी त्यांना मारतात. जर्मनीनं २०२२ पासून हे बंद केलं. तिथं अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रं आली. आपल्याकडं नाहीत. गावरान अंड्यांच्या टोपलीमागंही कधीकधी हीच हॅचरी असते, हे सांगितलं की लोक नाराज होतात.

तुमच्या अशा प्रचारानं पोल्ट्रीवाला शेतकरी बुडेल, त्याचं काय?

बुडवण्याची ताकद आमच्यात असती तर आम्ही हे पान लिहीत बसलो नसतो. पण प्रश्न गंभीर आहे.

आपल्या राज्यात कुक्कुटपालन हा जोडधंदा म्हणून वाढला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हॅचरी काढली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि ‘संडे हो या मंडे’ घराघरांत पोचलं. त्यामुळं अंडं स्वस्त झालं आणि गरिबाच्या ताटात आलं, हे आम्ही नाकारत नाही. पण धंद्याचा धोका कुणाकडं राहिला ते बघा. करारावरच्या ब्रॉयलरमध्ये (मांसाच्या कोंबड्यांत) पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड आणि शेडवरचं कर्ज मात्र शेतकऱ्याचं. चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार होतो आणि शेतकऱ्याच्या हाती किलोमागं संगोपनाचे मोजके रुपये पडतात. बॅचला मर लागली की कापून घेतात.

आणि रोग आला की? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. लाखो पक्षी मारून पुरले. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात सुरुवात झाली आणि पुन्हा नवापूरही त्यात आलं. एका छपराखाली हजारो पक्षी एकाच जातीचे, दाटीनं, म्हणजे एक पक्षी आजारी पडला की शेडच पडतं. गर्दी कमी करणं कोंबडीच्या जितकं फायद्याचं, तितकंच शेडवाल्याच्याही.

उलट बाजूनं एक इशारा. ‘मोकळी कोंबडी पाळा, लखपती व्हा’ असं आमच्या नावानं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१९ चं कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण इस्लामपूरपासून मराठवाड्यापर्यंत लोकांच्या लक्षात आहे. परत खरेदीची हमी, आगाऊ पैसे, आणि शेवटी फसवणुकीचे गुन्हे. आम्ही कुणाला धंदा बदलायला सांगतो तेव्हा आधी गिऱ्हाईक दाखवतो. दाखवता आलं नाही तर गप्प बसतो. आत्तापर्यंत गप्पच जास्त वेळा बसावं लागलं आहे.

बाजारात गावरान अंडं ओळखायचं कसं?

रंगावरून नाही. तपकिरी कवच हे जातीवर अवलंबून असतं. पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडं देते. चहाच्या पाण्यात रंगवलेली अंडीही आम्ही पाहिली आहेत. ओळखीच्या घरून घ्या, कोंबड्या डोळ्यांनी बघून या. दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

पर्यायी प्रथिन म्हणजे काय? नुसतं नवं फॅड?

नाव नवं आहे. वस्तू निदान अर्धी तरी जुनी आहे.

जुन्नर-आंबेगावकडं मासवडी करतात. बेसन शिजवून कापडावर थापायचं, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, गुंडाळी करून वड्या कापायच्या. आकार माशाच्या तुकडीसारखा, सोबत झणझणीत रस्सा. विदर्भात पाटवडी रस्सा. कोकणात कच्च्या फणसाची भाजी मटणाच्या मसाल्यात. मांस परवडत नव्हतं किंवा वाराचं चालत नव्हतं तेव्हा आपल्या बायकांनी हा प्रश्न चुलीवर सोडवलेला आहे, आणि त्याला कुणी ‘स्टार्टअप’ म्हटलं नाही.

आजच्या भाषेत त्याचे तीन प्रकार होतात. डाळी-सोयाबीनपासून केलेले पदार्थ, अगदी सोयावडीपासून पाकिटबंद ‘मांसासारख्या’ कबाबापर्यंत. बुरशी किंवा सूक्ष्मजीव टाकीत वाढवून काढलेलं प्रथिन. आणि जनावराच्या पेशी वाढवून केलेलं मांस. आमचं नव्वद टक्के काम पहिल्या प्रकारात आहे, त्यातही वडी, उसळ आणि पिठल्यात.

वरण-भातातून पुरेसं प्रथिन मिळत नाही का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवं. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत २० ते २४ ग्रॅम असतं. पण शंभर ग्रॅम डाळ शिजवली की तीन-चार माणसांचं वरण होतं, आणि त्यातलं घरच्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढं. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात ही ओळ नसते.

म्हणून आम्ही वरणापेक्षा दाट पदार्थांबद्दल बोलतो: पिठलं, झुणका, उसळ, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याला ‘घोड्याचं खाणं’ म्हणून हिणवलं जातं. तोच हुलगा कोकणात कुळीथ म्हणून गेला की त्याच्या पिठीची आठवण काढून मुंबईत लोक हळवे होतात.

सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकतं. मग आपण खात का नाही?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर सगळ्यात कडू आहे.

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग बघा. त्या दाण्यात ३८-४० टक्के प्रथिन आणि १८-२० टक्के तेल. गिरणीत तेल निघतं, उरते पेंड. ही पेंड कोंबडीखाद्यात जाते. म्हणजे मराठवाड्यातलं प्रथिन ट्रकमध्ये बसून शेडवर जातं, कोंबडी होऊन पुण्या-मुंबईच्या ताटात येतं आणि वाटेत त्याचा मोठा हिस्सा पक्ष्याच्या जगण्यात खर्च होतो. ते साहजिकच आहे, पक्षी म्हणजे काही पिशवी नाही. ज्याच्या रानात ते पिकलं त्याच्या मुलाच्या वाट्याला मात्र त्यातलं काही आलेलं नसतं.

भावाचं तर विचारू नका. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात शेतकरी चार हजाराच्या आसपास विकत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये पेंड महाग झाली म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली, तर केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. ऐन नवा माल यायच्या तोंडावर. सोयाबीनवाला आणि पोल्ट्रीवाला, दोघंही शेतकरीच. एकमेकांसमोर उभे राहिले.

सोयाबीन थेट माणसानं खाल्लं तर हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही, एवढा माल आपण खाऊच शकत नाही. पण काही हिस्सा गावातच थांबू शकतो. घरच्या सोयाबीनचं पीठ गव्हात मिसळा: दहा किलो गव्हाला एक किलो. एक काळजी मात्र घ्यायचीच. कच्चं सोयाबीन तसंच दळायचं नाही. त्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात, आणि वासही उग्र येतो. आधी उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवायचं, कडक वाळवायचं, मग दळायचं. पहिल्या वर्षी आम्ही हे नीट सांगितलं नाही. चार घरांत पोटं बिघडली आणि त्या गावात आम्हाला दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

सोयाबीन खाल्ल्यानं पुरुषांना त्रास होतो म्हणतात?

जेवणात वाटीभर खाल्ल्यानं होत नाही. त्यातल्या वनस्पतिजन्य घटकाचं नाव स्त्री-संप्रेरकासारखं आहे, म्हणून ही अफवा. चीन-जपानमधले लोक पिढ्यान्‌पिढ्या सोयाबीन खात आले आहेत आणि त्यांची वंशवेल सुखरूप आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा, डॉक्टरांना विचारा.

बी-१२ जीवनसत्त्वाचं काय?

डाळीत नाही, सोयाबीनमध्ये नाही, मोडात नाही. अंडी-दूधही न घेणाऱ्यांनी गोळी घ्यावी किंवा ते मिसळलेले पदार्थ खावेत. शेणखताच्या मातीतून मिळतं वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्याच्या नादी लागू नका.

पाकिटातलं ‘मांसासारखं’ खाणं एवढं महाग कसं?

माल कमी खपतो, शीतसाखळी लागते, आणि गिऱ्हाईक शहरातलं म्हणून भावही शहरातला. २०२१ मध्ये रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी अशा पदार्थांची कंपनी काढली तेव्हा आम्हाला गंमत वाटली होती: लातूरच्या घरातला माणूस आणि वनस्पतींपासूनचं मांस, म्हणजे वर्तुळ पुरं झालं. पण सुट्या सोयावडीत शंभर ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिन असतं आणि ती किराणा दुकानात पोत्यातून मिळते. आमच्या बैठकीत पाकीट फोडलं तर लोक कुतूहलानं चाखतात. वडीचा रस्सा केला तर पातेलं रिकामं होतं. आम्ही पहिल्या वर्षी बाजारात मोठ्या हौसेनं टोफूचे तुकडे वाटले होते. एका आजींनी चघळून विचारलं, “याला मीठ घालायचं विसरलात का?” त्यानंतर आम्ही त्याला सोया पनीर म्हणतो आणि तव्यावर ठेचा लावून परततो.

प्रयोगशाळेतलं मांस भारतात येणार का?

काम चालू आहे. २०१३ मध्ये लंडनला पहिला पेशींपासूनचा बर्गर लोकांसमोर खाल्ला गेला, सिंगापूरनं डिसेंबर २०२० मध्ये विक्रीला परवानगी दिली, अमेरिकेनं जून २०२३ मध्ये. इटलीनं त्याच वर्षी बंदी घातली. आपल्याकडं हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेला आणि तिथल्याच मांस संशोधन केंद्राला २०१९ मध्ये सरकारी निधी मिळाला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनं त्याच वर्षी कर्जतला केंद्र काढण्याची घोषणा केली. कोचीच्या सागरी मत्स्य संस्थेनं २०२४ मध्ये माशाच्या पेशींवर काम हाती घेतलं आणि त्याच वर्षीच्या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान धोरणात ‘स्मार्ट प्रथिनं’ हा शब्द आला.

आम्हाला विचाराल तर संशोधन व्हावं. फक्त, ते येईल म्हणून आजचा पिंजरा तसाच ठेवायला कुणी सांगू नये.

गोवंश हत्याबंदीला तुमचा पाठिंबा आहे ना?

आम्हाला त्या रांगेत उभं करू नका. २०१५ मध्ये गाईंबरोबर बैल आणि वळूही कायद्याखाली आले. तेव्हापासून म्हातारा बैल शेतकऱ्याला विकता येत नाही आणि पोसताही येत नाही. तो रात्री कुठल्यातरी फाट्यावर सोडला जातो, दुसऱ्याच्या पिकात शिरतो, काठ्या खातो. यात बैलाचं काय भलं झालं? आणि रस्त्यात गाडी अडवून ड्रायव्हरला बडवणं याला आम्ही प्राणीप्रेम म्हणत नाही.

बैलगाडा शर्यत आणि ऊसतोडीचे बैल?

शर्यतीचा विषय मे २०२३ मध्ये घटनापीठानं मिटवला; राज्याचा कायदा वैध ठरला. आता अटी पाळल्या जातात का, एवढंच बघायचं.

शर्यतीवर टीव्हीत तासन्‌तास चर्चा झाली. उसाच्या गाडीबद्दल पाच मिनिटं नाही. १९६५ चे नियम सांगतात की जनावराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. ओझ्यालाही मर्यादा आहे. कारखान्याच्या रस्त्यावर चढाला फेसाळलेल्या तोंडानं गुडघे टेकणारा बैल ज्यानं पाहिला आहे त्याला या नियमांचं काय होतं ते ठाऊक आहे. पण तक्रार गाडीवानावर करून उपयोग नाही. तो बीडहून उचल घेऊन आलाय, बैलाइतकाच जुंपलेला आहे. बोलायचं ते कारखान्याशी: वजनकाट्यावरच ओझ्याची अट, रांगेत सावली, पाण्याचा हौद, डॉक्टरची फेरी.

आणि दूध?

तिथं सगळ्यात कमी बोलतो, कारण तिथं सगळ्यात जास्त भावना आहेत. गोठ्यात नर वासरू आणि रेडकू नको असतं, ही उघड गोष्ट आहे. फक्त कालवडीच व्हाव्यात अशा रेतमात्रा आता मिळतात. त्या वापरा, इतकंच सध्या सांगतो.

परदेशातून पैसे येतात का तुम्हाला?

नाही. आले असते तर एसटीऐवजी जीपनं आलो असतो.

जनावराचे हाल होताना दिसले तर करायचं काय?

आधी जनावराला मदत. १९६२ हा क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, मोफत आहे. मुद्दाम मारलं किंवा लुळं केलं असेल तर पोलीस: भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. फोटो काढा, वेळ-ठिकाण लिहून ठेवा, पण व्हिडिओ लगेच गावाच्या ग्रुपवर टाकू नका. त्यानं तक्रार कमी होते आणि मारामारी जास्त.

चिकनच्या दुकानात पाय बांधून, स्कूटरच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या दिसल्या तर दुकानदाराला निवांत वेळी सांगा की क्रेट वापर. चार गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो ऐकतो.

आमच्या गावात, बचतगटात याल का?

येतो. श्रावणात आणि मार्गशीर्षात सगळेच बोलावतात, तेव्हा तारीख लवकर कळवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बोलावू नका, कुणी थांबत नाही. आम्ही मसाला, वड्या आणि दुमडायचा कागद घेऊन येतो. मोठं पातेलं तुमचं. आणि मटकी दोन दिवस आधी भिजत घाला. मोड एसटीतून आणले की चेंगरतात.